मागच्या रांगेतली वचनं

खिसे तपासणं हे माझं काम आहे, त्यात लाजायचं काय? बावीस वर्षं मी लाँड्रीत आहे. या बावीस वर्षांत खिशात हात घातल्याशिवाय एकही कपडा माझ्या हातून मशीनच्या ड्रममध्ये गेला नाही. एक सोडून. ही गोष्ट त्या एकाची. म्हणजे खरं तर माझ्या धाकटीची, पण तिची सांगायची म्हटलं की मी मध्ये तडमडणारच.

खिशातून काय निघत नाही? चाव्या, औषधांच्या चिठ्ठ्या, अर्धवट चघळून कागदात गुंडाळलेल्या गोळ्या, एकदा तर एका आजोबांची कवळी. माणूस तोंडानं काय वाटेल ते सांगो, खिसा खरं तेच सांगतो, असं माझं ठाम मत होतं. लाँड्रीच्या मालकीणबाई म्हणायच्या, तू पोलिसात असतीस तर एव्हाना मोठ्या खुर्चीवर बसली असतीस. मला ते कौतुक वाटायचं.

धाकटीला आम्ही बारकी म्हणतो. पंधरा संपून सोळावं लागलं, माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली, पण नाव पडलं ते पडलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत असतो, म्हणूनच की काय, घरी आला की शब्द मोजून वापरतो. आणि एक थोरला. त्याच्याकडे येतेच, जरा दम धरा.

आमच्या घरी रोज सकाळी सातला दहा कमी असताना प्रार्थना होते. टेबलावर वचनांचा डबा असतो. आमच्या लग्नात चर्चच्या पाळकांनी दिलेला लाकडी डबा, आत बोटभर रुंदीच्या छापील पट्ट्या उभ्या लावलेल्या, सहा रांगा. एकेका पट्टीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एकेक वचन. प्रत्येकानं एक पट्टी काढायची, मोठ्यानं वाचायची, परत ठेवायची. मग नवरा प्रार्थना करणार. घरच्यांची नावं, मग नातेवाइकांची, मग आजाऱ्यांची, सगळं ठरलेल्या क्रमानं. आमेन झालं की चार मिनिटांत जो तो आपल्या वाटेला. वचनं सगळी गोड. सांभाळ होईल, कृपा होईल, काळजी नको. नवरा नेहमी पहिल्या रांगेतली उजव्या कोपऱ्यातली काढायचा, कारण ती दीड ओळीची होती. मी डावीकडची काढायची, ती मला चष्म्याशिवाय यायची. बारकी दुसऱ्या रांगेतून हाताला लागेल ती ओढायची, जांभई देत वाचायची आणि आमेन म्हणायची ते एका पायात मोजा चढवता चढवता. मी डोळे वटारायची, पण ते आपलं रिवाज म्हणून. माझं स्वतःचं लक्ष चहा उतू जातोय का याच्याकडे असायचं.

आणि अशी ही मुलगी एका सोमवारपासून पहाटे सव्वापाचला उठायला लागली.

पहिल्या दिवशी मला वाटलं, परीक्षा असेल. दुसऱ्या दिवशी दाराखालून उजेड दिसला आणि आतून कुजबुज ऐकू आली. मी दाराला कान लावला. हो, लावला. शब्द कळेनात. दार ढकललं, तर बारकी मांडीवर शास्त्र उघडून बसलेली आणि बोटं शाईनं माखलेली. विचारलं, तर म्हणाली, शांत वेळ घेतेय. चर्चच्या तरुण संघात सांगितलं होतं म्हणे, रोज थोडा वेळ देवाजवळ एकटं बसा. अगं, पण ते तर दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा घरी येऊन तूच म्हणाली होतीस की एकटं बसलं की झोप लागते.

दुसरी कुठली आई असती तर तिनं देवाचे आभार मानले असते. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे आमचा थोरला.

तीन वर्षांपूर्वी तो वीस वर्षांचा होता आणि माझ्याच लाँड्रीत इस्त्रीवर होता. कपड्यांना लावायचे टॅगही तोच लिहायचा. हात इतका जड की बॉलपेननं लिहिलेलं टॅगच्या मागून बोटाला लागायचं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कफाची सोन्याची बटणं हरवली. दोन दिवस शोधाशोध चालली. तिसऱ्या दिवशी घरी त्याची पँट धुवायला घेतली, सवयीनं खिशात हात घातला, तर बटणं माझ्या हातात. तो म्हणाला, ड्रमच्या तळाशी सापडली, कालच द्यायची होती, विसरलो. मी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हाताला धरून दुकानात नेलं, आणि मालकीणबाई आणि ते गिऱ्हाईक दोघांच्या समोर माफी मागायला लावली. त्यानं मागितली. माफी मागितली म्हणजे चोरी झालीच, असं सगळ्यांनी धरलं. त्याची नोकरी त्याच दिवशी गेली, माझी मात्र राहिली. मालकीणबाई माझं नाव घेऊन चार लोकांत म्हणाल्या, आई असावी तर अशी.

त्यानंतर महिनाभर थोरला एकदम देवभोळा झाला. प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी टेबलाशी हजर. आमेन ठणठणीत. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, साखर पेरतोय, पोटात काहीतरी वेगळंच आहे. महिना संपला आणि तो एक बॅग घेऊन निघून गेला. चिठ्ठी नाही, पत्ता नाही. म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं, असं मी स्वतःला सांगत राहिले. पहिले काही दिवस नवरा प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायचा. नाव आलं की मी उठून ओट्याशी जायची आणि भांडी आपटायची. मग एका सकाळी त्यानं ते नाव गाळलं. त्याच्या जागी शेजारच्या आजींचा गुडघा आला.

आता सांगा, घरातलं दुसरं पोर पहाटे उठून शास्त्र वाचायला लागलं तर मला झोप लागेल? एक पोर असंच देवाचं नाव घेत घेत हातचं गेलं. हिनंही बॅग भरली तर मी कुणाकडे बघायचं?

मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. तिच्या पलंगाखाली बॅग आहे का बघितलं, होती, पण रिकामी. रोज दुपारी परत बघितलं. प्रार्थनेच्या वेळी एक विचित्र गोष्ट लक्षात आली. मी डब्यातून पट्टी काढायला हात पुढे केला की बारकी माझ्या बोटांकडे टक लावून बघायची. मी डावीकडची पट्टी काढली की तिचा चेहरा पडायचा. बापाच्या बोटांकडेही तसंच. हे काय नवीन, म्हटलं. डब्यात काही आहे का? मी मोठ्या तोऱ्यात डब्याचं झाकण उघडून बघितलं, पण बघितल्या त्या पुढच्याच दोन रांगा. मागच्या रांगांपर्यंत आमच्या घरात कुणाचा हात कधी गेलाच नव्हता.

मग लाँड्रीत मालकीणबाईंनी विचारलं, शर्टाचे पुठ्ठे कमी कसे होतायत? इस्त्री केलेल्या शर्टाची घडी मोडू नये म्हणून आम्ही आत पातळ पांढरा पुठ्ठा घालतो. त्याची चळत मागच्या खोलीत असते, आणि बारकी शाळेतून येऊन त्याच खोलीत अभ्यासाला बसते. मी मालकीणबाईंना म्हटलं, भिजले असतील. बावीस वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही पुठ्ठ्यापायी. घरी आले ती तणतणतच. तिला विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, दोन-तीन घेतले, चित्र काढायला. हिला साधं मडकं काढता येत नाही.

त्याच आठवड्यात तिच्या जाकिटाच्या खिशात पोस्टाच्या तिकिटांच्या कडेची कोरी पट्टी सापडली. पोस्टाचं तिकीट! आजकाल कोण पत्रं लिहितं? ज्याला फोनवर बोललेलं घरात कळू द्यायचं नसतं, तो. म्हणजे मुलगा. म्हणजे बॅग. माझ्या डोक्यात गाडी कुठल्या कुठे पोचली. त्या दिवसापासून मी तिचे खिसे उघड उघड, तिच्यासमोर तपासायला लागले. आल्या आल्या जाकीट काढायला लावायची आणि आतलं टेबलावर ओतायची. ती उभी राहायची आणि माझ्या हातांकडे बघायची. मला वाटायचं, निगरगट्ट झालीय.

हे चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी नवरा जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाला, "तिचे खिसे तपासणं बंद कर. ती गिऱ्हाईक नाही. एक पोर गेलं तेवढं पुरे झालं."

तीन वर्षांत तो त्या विषयावर पहिल्यांदा बोलला. मी काहीतरी फाडकन बोलणार होते, पण उठून त्याच्या ताटात भात वाढला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत डोळे मिटल्यावर मी मनातल्या मनात कबूल केलं, की देवा, हात लावणार नाही. जडच गेलं. दहा दिवस मी जाकिटाकडे बघायचंसुद्धा टाळलं. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती.

अकराव्या दिवशी, रविवारी दुपारी, घरचे कपडे धुवायला काढले. बारकीचं जाकीट हातात आलं. हात आपोआप खिशाकडे गेला. मी तो मागे घेतला. तोंड दुसरीकडे वळवलं आणि जाकीट तसंच मशीनमध्ये टाकलं.

तासाभरानं झाकण उघडलं, तर सगळ्या कपड्यांवर पांढरा लगदा. कागदाचा. लाँड्रीवालीला तो शंभर पावलांवरूनही ओळखू येतो. मी जाकिटाच्या आतल्या खिशातून निळसर गोळा बाहेर काढला, बोटांनी उलगडायला गेले तर त्याचे तुकडे झाले. तेवढ्यात बारकी आली. तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि दारातच खाली बसली. रडली नाही. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मीच घाबरले. म्हटलं, अगं, कुणाचं होतं? काय होतं?

"दादाचं पत्र होतं," ती म्हणाली. "तुलाच दाखवायचं होतं. धीर होत नव्हता म्हणून चार दिवस खिशात घेऊन फिरत होते."

मीही तिच्या शेजारी फरशीवर बसले. तो गोळा माझ्या मुठीत तसाच होता, आणि त्यातून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या पंधराव्या वाढदिवसाला थोरल्यानं शाळेच्या पत्त्यावर तिला कार्ड पाठवलं होतं. तिनं उत्तर दिलं. पुढच्या पत्रात त्यानं विचारलं, सकाळची प्रार्थना अजून होते का, आणि त्यात माझं नाव घेतात का? त्या दिवसापर्यंत बारकीनं बापाची प्रार्थना कधी नीट ऐकलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ऐकली. त्यात आजींचा गुडघा होता, मालकीणबाईंचा रक्तदाब होता, दादा नव्हता. तिला भयंकर राग आला. आमचा आला, डब्याचा आला, देवाचाही आला. एवढ्या गोड गोड वचनांत आपल्या घरातलं एकही खरं नाही, असं वाटलं तिला. म्हणून ती पहाटे उठली आणि शास्त्र उघडून बसली, ते भांडण करायला. आणि काय, तर आत भांडणारे आधीच पुष्कळ निघाले. देवाला जाब विचारणारे, रुसणारे, रात्रभर रडले म्हणून सांगणारे. हे कुणी डब्यात कसं घातलं नाही, असा तिला प्रश्न पडला. तिनं शर्टाचा पुठ्ठा कापून त्यातलं एक लिहून काढलं, मोठ्यानं वाचलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला जांभई आली नाही. मग रोज एक. स्वतःला मनापासून म्हणता येईल असंच शोधायचं आणि तेवढंच लिहायचं, असा तिचा नियम. लिहिलेली पट्टी ती डब्यात मागच्या रांगेत लावायची आणि तिथली एक छापील काढून घ्यायची, म्हणजे डबा फुगू नये. मग टेबलाशी बसून वाट बघायची, आज तरी आईचा हात मागच्या रांगेकडे जातो का.

दोन महिने ती वाट बघत होती, आणि मी तिच्या पलंगाखालची बॅग बघत होते.

थोरल्यालाही तिनं लिहिलं, तूही शोध. सोबत एक अख्खा कोरा पुठ्ठा पाठवला. त्यानं त्याच्या आठ पट्ट्या कापून, त्यांवर लिहून या शेवटच्या पत्राबरोबर पाठवल्या होत्या. त्या तिनं आल्या आल्या डब्यात लावल्या. खिशात राहिलं होतं ते पत्र.

मी विचारलं, पत्रात काय होतं? तिनं तो गोळा माझ्या मुठीतून काढून घेतला. मग सांगितलं. जिथे तो काम करायचा तो कारखाना बंद झालाय, तो दुसऱ्या गावी चाललाय, नवा पत्ता पत्राच्या शेवटी लिहिला होता. हे पत्र आईला दाखव, असं होतं. तिचं उत्तर आलं तर बरं, नाही आलं तर मी समजून घेईन आणि पुन्हा कुणाला त्रास देणार नाही. आणि आईला सांग, बटणं मला खरंच ड्रममध्ये सापडली होती. तो शेवटचा महिना मी रोज प्रार्थनेत एकच मागत होतो, की तिनं मला एकदा, फक्त एकदा, विचारावं.

"पत्ता पाठ आहे का?" मी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. गावाचं नाव आठवत होतं, बाकी नाही. एवढ्या मोठ्या गावात नुसत्या नावावर काय होणार?

मला आधी का सांगितलं नाहीस, हे मी विचारलं नाही. पण ती बोललीच. म्हणाली, सांगितलं असतं तर तू आधी पाकिटावरचा शिक्का तपासला असतास. खोटं नव्हतं ते.

नवरा आला, त्याला सांगितलं. तो लगद्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं मशीनची जाळी साफ केली. मला वाटलं होतं तो बोलेल. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दहा कमी असताना आम्ही तिघं टेबलाशी बसलो. नवऱ्यानं सवयीनं उजव्या कोपऱ्यातली दीड ओळ काढली आणि वाचली. माझी पाळी आली. मी हात थेट मागच्या रांगेत घातला. छापील पट्ट्या गुळगुळीत असतात. तिथं दुसरंच काही हाताला लागत होतं, जाडसर, आणि एकीच्या पाठीवर तर अक्षरं उठून आलेली. मी ती काढलीसुद्धा नव्हती, तरी मला कळलं कुणाची. दोन वर्षं त्या हाताचे टॅग मी कपड्यांना टाचले होते.

मी वाचायला सुरुवात केली. देवाला विचारलं होतं, की तू अजून किती दिवस माझ्याकडे पाठ फिरवून बसणार? मध्येच मी पट्टी बारकीपुढे धरली. बारकीनं उरलेलं वाचलं. मी पट्टी ठेवायची म्हणून उलटी धरली, आणि बोट पुन्हा पाठीवरून फिरलं.

इथं मात्र माझ्यातली लाँड्रीवाली जागी झाली. वचनाची अक्षरं पाठीवर वर आलेली होती, बरोबर. पण मध्ये मध्ये काही खाली दबलेलंही होतं, आणि ते वचनाच्या ओळींना आडवं होतं. समोरून काहीच लिहिलेलं नव्हतं तिथंही होतं. मालकीणबाई काउंटरवर पुठ्ठ्याच्या चळतीवर कागद ठेवून पावत्या फाडतात, तेव्हा वरच्या पुठ्ठ्यावर असेच वळ उठतात. मी शंभरदा बघितलंय. हा पोरगा कोरा पुठ्ठा खाली धरून त्यावर पत्र लिहीत बसला होता, आणि मग तोच पुठ्ठा कापून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या. एवढा जड हात कुणाला दिला, तर आमच्या थोरल्याला. देवा, तुझे उपकार.

मी बारकीला म्हटलं, त्याच्या सगळ्या काढ. तिला कळेना. मी सांगितलं, तशी तिनं अख्खा डबा टेबलावर उपडा केला. लग्नापासून पहिल्यांदा तो पूर्ण रिकामा झाला. त्या ढिगातून आठ पट्ट्या निवडल्या, पालथ्या घातल्या, आणि कापलेल्या कडा जुळवत जुळवत एकमेकींना लावल्या. नवरा उठला, त्याच्या हत्यारांच्या पेटीतली चपटी पेन्सिल घेऊन आला आणि आडवी धरून हलक्या हातानं घासायला लागला. काळ्या शिशातून पांढऱ्या रेघा वर यायला लागल्या. वरचं पत्र सगळं लागत नव्हतं, ओळी एकमेकींत शिरल्या होत्या. पण 'आई' दोनदा लागलं. 'ड्रम' लागलं. शेवटी, जिथं पत्ता लिहिताना माणूस जरा जोर लावतो आणि नीट लिहितो, तिथं गल्ली लागली, बेकरीच्या मागे हे लागलं, गाव लागलं. घराच्या नंबराचा पहिला आकडा दोन. दुसऱ्या आकड्याच्या मधूनच कात्री गेली होती. तो एक होता की नऊ, हे तिघांनी तीन बाजूंनी बघितलं तरी ठरेना. बारकी म्हणाली एक, नवरा म्हणाला नऊ. घड्याळात सव्वाआठ झाले होते. चहा आटून भांडं करपलं होतं, बारकीच्या वर्गात हजेरी होऊन गेली होती, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मग नवऱ्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि प्रार्थना राहिलीय म्हणाला. आम्ही डोळे मिटले. त्यानं क्रमानं नावं घ्यायला सुरुवात केली. माझं घेतलं. मग थांबला. मला कळलं, तो माझ्यासाठी थांबलाय, मी उठून ओट्याशी जाते का बघतोय. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि थोरल्याचं नाव मी घेतलं. मोठ्यानं, पूर्ण, बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी घेतलं होतं तसं. बारकीनं माझ्या मुठीवर हात ठेवला.

आमेन म्हणताना तिच्या पायात मोजा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठले. सव्वापाचला बारकी उठून बाहेर आली, तर मी टेबलाशी कागद घेऊन बसलेली. ती दारात थांबली आणि तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मला हसूच आलं. तिची नजर आधी माझ्या हातांकडे गेली, मग टेबलाखाली. कुठं बॅग तर भरली नाही ना, असंच जणू.

पत्र काही केल्या लिहिता येईना. पहिल्या कागदावर मी स्वतःची बाजू मांडत बसले. कसं घर, कशी नोकरी, कशी माझी स्थिती. तो फाडला. दुसऱ्यावर त्याला विचारायला लागले, बटणं सापडली तेव्हा ड्रममध्ये आणखी कुणाचे कपडे होते, कुणी बघितलं का तुला. अर्ध्यावर आले आणि माझी मलाच शिसारी आली. तीन वर्षांनी लेकराचा पत्ता लागला आणि आई साक्षीदार मागतेय! तोही फाडला.

पुरावा माझ्याकडे नाही. आजही नाही. त्या दिवशी ड्रमच्या तळाशी काय होतं हे देवाला माहीत आणि त्याला. बावीस वर्षं मी हाताला लागल्याशिवाय कशावर विश्वास ठेवलेला नाही. शेवटी मी एवढंच लिहिलं, की बटणं तुला ड्रममध्येच सापडली होती. मी विचारलं नाही, ही माझी चूक. प्रार्थनेत तुझं नाव आहे. घरी ये.

नंबर एक की नऊ, हे ठरलं नव्हतं. म्हणून तेच पत्र मी दोनदा लिहिलं, शब्दाला शब्द. एका पाकिटावर एकवीस घातलं, दुसऱ्यावर एकोणतीस. बारकीनं तिकिटं लावली आणि शाळेला जाताना दोन्ही टाकली. यातलं एक कुणातरी परक्या माणसाच्या हातात पडणार, हे मला ठाऊक आहे. पडू दे. ज्या तोंडानं मी चार लोकांसमोर माझ्या पोराला चोर ठरवलं, त्याच तोंडाचं हे पत्र आहे. माझ्या पोरानं चोरी केली नव्हती, हे एका परक्यालाही कळू दे.